धक्क्याचे फाटक पाण्याच्या वेळेने उघडा: खाडीकाठची विहारस्थळे आखणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
ठाणे खाडीच्या पूर्व काठावर विहारस्थळे, गॅलऱ्या आणि धक्के आखणारे, मंजूर करणारे व सांभाळणारे सर्व अधिकारी, अभियंते आणि वास्तुरचनाकार यांस

विषय: मासेमारीच्या धक्क्यावर उभारलेले प्रेक्षणीय स्थळ आणि त्याला लावलेले रात्रीचे फाटक

महोदय, महोदया,

धक्क्याच्या तोंडाशी आता लोखंडी फाटक आहे आणि फाटकावर फलक: 'प्रवेश सकाळी 6 ते रात्री 10'. आत गुळगुळीत फरशी, बाकडी, दिव्यांचे उंच खांब, स्टीलचा कठडा आणि फोटो काढायला एक चौकट. कागदोपत्री हे खाडीकाठाचे सुशोभीकरण आहे. पण हाच धक्का गावच्या होड्यांचा आहे, आणि होड्या रात्री 10 नंतरही जातात, पहाटे 6 च्या आधीही परततात. फलक लावण्यापूर्वी हे कोणी विचारले नाही. गावाचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण प्रश्न एका गावापुरता नाही. ऐरोलीजवळच्या दिवा गावापासून बेलापूरच्या दिवाळे गावापर्यंत जिथे कोळीवाड्याचा धक्का आहे आणि मागे इमारती उभ्या आहेत, तिथे असा आराखडा आज ना उद्या येणार.

आम्ही या काठावरचे आगरी-कोळी. बोकशी (खुंटांना बांधायचे पिशवीसारखे जाळे), वाणा (खुंटांवर लावायचे जाळे), पाग (फेकायचे जाळे) आणि चिंबोऱ्यांचे फग (खेकडे पकडायची जाळी) यांवर अजून आमच्या चुली पेटतात. 1970 नंतर नवी मुंबईसाठी ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतल्या 95 गावांच्या जमिनी संपादित झाल्या. भातशेती गेली, मिठागरे गेली, खाडी तेवढी राहिली. काठावरच्या कामांत मच्छीमार मोजला जात नाही हेही आम्हाला नवे नाही. तिसऱ्या ठाणे खाडी पुलाच्या वेळी वाशीच्या मरिआई मच्छिमार सहकारी संस्थेला उच्च न्यायालयाची पायरी चढावी लागली, तेव्हा कुठे 2021 मध्ये बाधित मच्छीमारांचा भरपाईचा हक्क मान्य झाला. प्रत्येक धक्क्यासाठी न्यायालयात जाण्याची वेळ येऊ नये, म्हणून हे पत्र उघडपणे लिहीत आहोत.

शहरातल्या माणसांनी खाडी बघायला येऊ नये असे आम्ही कधीच म्हटले नाही. मुलांनी रोहित पक्षी (फ्लेमिंगो) बघावेत, म्हाताऱ्यांना वाऱ्यावर बसायला जागा मिळावी, जाताना कोणी कोळंबीचा वाटा घेऊन जावे, हे आम्हाला हवेच आहे. आमची हरकत आराखड्याला आहे, कारण तो खाडीचे पाणी कसे चालते हे न बघता काढला आहे.

आधी फाटकाचे बघू. भरती आणि ओहोटी यांच्यात साधारण सव्वासहा तासांचे अंतर असते, आणि दोन भरत्यांच्या मध्ये सुमारे 12 तास 25 मिनिटे. म्हणून भरती रोज पाऊण ते एक तास पुढे सरकते. रात्री 10 ते सकाळी 6 म्हणजे आठ तास. या आठ तासांत दर रात्री, वर्षाचे बाराही महिने, किमान एकदा पाणी फिरतेच. फाटक कोणतेही आठ तास बंद ठेवा, कोणाची तरी होडी आत नाहीतर बाहेर अडकणार.

हिशेब जुना आहे आणि कोणालाही करता येतो. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची ढोबळ वेळ मिळते. चतुर्थीला 3, अष्टमीला 6, द्वादशीला 9, पौर्णिमा-अमावस्येला सव्वाअकरा ते बारा. शुक्ल पक्षातही आणि वद्य पक्षातही, पहाटेची आणि दुपारचीही तीच वेळ. मोबाइलवरचा तक्ता मुंबई बंदराचा असतो. खाडीत आत पाणी त्याहून थोडे उशिरा फिरते. आता चतुर्थीची रात्र घ्या. भरती पहाटे 3 ला पूर्ण होते. बोकशी लावणाऱ्याला पाणी उतरायला लागायच्या आत आपल्या खुंटांवर पोचावे लागते, कारण जाळ्याचे तोंड प्रवाहाकडे करून ते बांधायचे असते आणि ओहोटीचा जोर हाच मासे आत ढकलतो. म्हणजे त्याने अडीचच्या आधी धक्का सोडायला हवा. दशमीला उलटे होते. संध्याकाळची भरती साडेसात-आठला, ओहोटी मध्यरात्रीनंतर दीड-दोनला. जाळे उचलले तरी धक्क्याला लागण्याइतके पाणी चढायला आणखी दोन-तीन तास जातात. होडी पहाटे 4 ला धक्क्याला लागते आणि समोर कुलूप. पाटीतल्या कोळंबीला तोवर बर्फ नसतो. दोन तास अडकली की तिचे डोके काळे पडायला लागते आणि बाजारात तिला निम्मा भावही कोणी देत नाही.

'गस्तीवरच्या रखवालदाराला सांगा, तो उघडेल' असे उत्तर तोंडी मिळाले आहे. रखवालदार बदलतात, त्यांच्याकडे लेखी काही नसते, आणि ज्या जागेवर आमचे आजे-पणजे पाय ठेवत आले तिथे पहाटे मनधरणी करून जावे लागणे आम्हाला मान्य नाही. मद्यपी आणि टोळकी रात्री येतात ही अडचण खरी आहे, ती आम्हालाही सोसावी लागते. तिच्यावर उपाय आहे. बैठकीचा भाग आणि होड्यांचा भाग वेगळा करा. कुलूप बैठकीला लावा. होड्यांकडे जाणारी किमान 2 मीटर रुंदीची वाट, डोक्यावर पाटी आणि हातात वल्हे घेऊन माणूस सरळ जाईल अशी, चोवीस तास मोकळी ठेवा.

आता बांधकाम. इथे चूक झाली तर ती निस्तरायला फाटकासारखे कुलूप काढून भागत नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

उधाणाला आमच्या खाडीत भरती-ओहोटीच्या पाण्यात 4 मीटरपेक्षा जास्त फरक पडतो. होडी चढवा-उतरवायच्या उतरणीला दर 8 फुटांना 1 फूट उतार धरला, तर 4 मीटरच्या फरकासाठी उतरण किमान 32 मीटर लांब लागते, आणि तिचे टोक ओहोटीच्या पाण्याच्याही खाली जायला हवे. आराखड्यातली उतरण 10-12 मीटरवर थांबते. अशा उतरणीच्या पुढे अर्धा दिवस गुडघाभर गाळ असतो, आणि भरलेली होडी गाळातून ओढताना तिचा तळ घासतो, माणसाची कंबर जाते. लांबी वाचवायला उतार जास्त उभा केला तर ओल्या काँक्रीटवर पाय ठरत नाही. पाण्याखाली जाणाऱ्या प्रत्येक पृष्ठभागावर शेवाळ धरते. तिथे पॉलिश केलेला ग्रॅनाइट किंवा चकचकीत फरशी लावणे म्हणजे अपघाताला बोलावणे. काँक्रीट ओले असतानाच त्यावर तिरप्या खोल रेघा ओढाव्यात, पाणी बाजूला वाहील अशा. पायऱ्या असतील तर प्रत्येक पायरी 15 सेंटिमीटर उंच आणि 30 सेंटिमीटर रुंद, वरपासून खालपर्यंत एकसारखी. डोक्यावर पाटी असलेल्या बाईला पायाखालचे दिसत नाही, ती पावलाच्या अंदाजाने उतरते. एक पायरी दोन बोटे उंच निघाली तरी ती पडते.

भरीव धक्का आणि खांबांवरचा धक्का यांतला फरक खर्चाच्या तक्त्यात दिसत नाही, खाडीत दिसतो. दगड-भराव टाकून भिंतीसारखा धक्का आडवा घातला की त्याच्या आडोशाला पाणी मंदावते. मंद पाण्यातला गाळ खाली बसतो. गाळ उंचावला की त्यावर तिवरांचे बी अडकते, रुजते, आणि बघता बघता जिथे होड्या नांगरत होत्या तिथे तिवरांचे रान उभे राहते. मग ती झाडे तोडता येत नाहीत, आणि तोडूही नयेत. कोळंबीची पिल्ले त्यांच्याच मुळांत वाढतात. 2018 च्या उच्च न्यायालयाच्या निकालाने तिवरे, म्हणजे कांदळवन, तोडण्यावर बंदी आणि भोवती 50 मीटरचा मोकळा पट्टा सांगितला आहे. म्हणजे चुकीच्या भिंतीमुळे उगवलेल्या झाडांपायी बंदर कायमचे जाते आणि त्याला कोणीच जबाबदार धरला जात नाही. पाणी खालून मोकळे वाहील असा खांबांवरचा धक्का बांधा. गॅलरी तर खांबांवरच हवी.

भरती-ओहोटीच्या पट्ट्यातल्या काँक्रीटसाठी 'आयएस 456' या काँक्रीटच्या भारतीय मानकाने किमान एम-40 दर्जा आणि सळईवर 75 मिलिमीटर आवरण सांगितले आहे. हे पाळले नाही तर खारे पाणी सळईपर्यंत पोचते, गंज फुगतो, काँक्रीटला उभ्या भेगा पडून ते ढलप्यांनी सुटते. कठड्याला बहुधा 304 दर्जाचे स्टील वापरतात. खाऱ्या वाऱ्यात त्यावर तपकिरी डाग आणि बारीक खड्डे पडतात. 316 वापरा, नाहीतर जाड गॅल्व्हनाइज्ड पाइप वापरा, तो स्वस्तही पडतो. कठडा सलग नको. होडी लागते त्या बाजूला मोकळ्या जागा ठेवा, तिथे काढता-घालता येणारी साखळी लावा. दोर बांधायला मजबूत खुंटे वरच्या पातळीवर तर हवेतच, भिंतीवर खालच्या पातळीलाही कड्या हव्यात, कारण ओहोटीला होडी चार मीटर खाली असते आणि आखूड दोराने वर बांधलेली होडी पाणी उतरताना लटकते. धक्क्याच्या कडेला जुने टायर टांगायला आकडे ठेवा. टायर दिसायला वाईट म्हणून काढून टाकले गेले. फायबरच्या होडीची बाजू काँक्रीटवर आपटून तडकते, तेव्हा ते टायर कशासाठी होते ते कळते.

दिवे. उंच खांबांवरचे पांढरे झोत पाण्याकडे तोंड करून लावले आहेत. परतणाऱ्या माणसाचे डोळे दिपतात आणि त्याला खुंट, दोर, दुसरी होडी काही दिसत नाही. दिवे कमरेच्या उंचीचे, पिवळसर आणि खाली तोंड केलेले लावा, पाण्यावर उजेड पडू देऊ नका. समोरच्या खाडीत ऐरोली आणि वाशी पुलांच्या मधला पट्टा 2015 पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे, 2022 मध्ये ठाणे खाडी जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेली. रात्री विसावणाऱ्या पक्ष्यांनाही अंधार लागतो.

जाळी पसरायला आणि दुरुस्त करायला लागणारी मोकळी जागा वाहनतळाने घेतली. जाळे गाडीच्या बोनेटवर सुकत नाही. त्याला सपाट, सावलीची, खिळे-तारा नसलेली जागा लागते. नायलॉन कडक उन्हात दिवसेंदिवस पडले तर धागा कमकुवत होतो, म्हणून अर्ध्या जागेवर छप्पर हवे. 1 जून ते 31 जुलै या बंदीच्या काळात यांत्रिक होड्या वर ओढून ठेवाव्या लागतात. त्यांना रंग, डागडुजी, इंजिनाचे काम त्याच दोन महिन्यांत होते. 20-25 फुटी होडीला, भोवती माणूस फिरेल इतक्या जागेसह, दोन मोटारींएवढी जागा लागते. होड्या मोजा आणि तेवढी जागा आराखड्यात 'होड्यांसाठी राखीव' म्हणून रंगवा. बिगरयांत्रिक होड्यांना ही बंदी नाही, त्यांची ये-जा पावसातही चालू असते, तेव्हा पावसाळ्यात धक्का बंद ठेवायचा विचारही करू नका.

बायकांसाठी धक्क्यावर काय आहे? मासे निवडायला सावलीचा ओटा नाही, धुवायला गोड्या पाण्याचा नळ नाही, आणि स्वच्छतागृह पर्यटकांच्या फाटकाच्या आत, म्हणजे पहाटे बंद. ओट्याला थोडा उतार, शेवटी गाळणी असलेली मोरी आणि बर्फाची पेटी ठेवायला जागा, एवढ्याने काम भागते. धक्क्यावर 'वास येतो' अशा तक्रारींचे निम्मे कारण हा नसलेला नळ आहे.

उरलेले निम्मे कारण समजून घ्या, म्हणजे आमच्या नावाने तक्रार करणाऱ्यांना सांगता येईल. आपला काठ पश्चिमेकडे तोंड करून आहे, म्हणून लोक सूर्यास्ताला येतात. पौर्णिमा-अमावस्येच्या आसपास संध्याकाळी सहाच्या सुमाराला पाणी पूर्ण उतरलेले असते, दूरवर काळा गाळ उघडा असतो आणि त्याला गंधकाचा वास येतो. अष्टमीच्या आसपास त्याच वेळी खाडी भरलेली असते. भरलेली खाडी बघायची तर अष्टमी-नवमीच्या संध्याकाळी या. रोहित बघायचे तर नोव्हेंबर ते मे या काळात, पूर्ण भरतीनंतर दोन-तीन तासांनी या, तेव्हा गाळ उघडा पडू लागतो आणि पक्षी चरायला उतरतात. ही माहिती फोटोच्या चौकटीशेजारी एका फळ्यावर रोज लिहिता येईल, भरतीच्या वेळेसह. लिहायचे काम गावातली मुले करतील.

त्याच फळ्यावर चार सूचनाही हव्यात. ओहोटीला उघड्या गाळावर उतरू नये. तो कडेला घट्ट वाटतो आणि पुढे मांडीपर्यंत रुतवतो, आणि पाणी परतताना आधी मागच्या नाळेत, म्हणजे पाण्याच्या अरुंद वाटेत, शिरते, म्हणजे माणूस मध्येच वेढला जातो. रुतलेच तर पाय झटकू नये, मागे रेलून वजन पसरावे आणि एकेक पाय हळूहळू हलवत सोडवावा. वाणा आणि फग यांचे खुंट म्हणजे टाकून दिलेल्या काठ्या नव्हेत, त्यांना होडी बांधू नये, ते उपटू नयेत. कुरव पक्ष्यांना (सीगलना) फरसाण टाकू नये. मासे निवडणाऱ्या बाईचा फोटो तिला विचारून काढावा.

कचऱ्याबद्दल एवढेच सांगतो की बोकशीचे तोंड प्रवाहात उघडे असते, पाण्यातून येईल ते सगळे आत जाते. निर्माल्याच्या पिशव्या आणि थर्माकोल जाळ्याच्या शेवटच्या पिशवीत, खोल्यात, जाऊन बसतात, जाळ्याचे डोळे, म्हणजे भोके, बुजतात, पाण्याचा दाब वाढतो, आणि जाळे फाटते किंवा खुंटासकट उखडते. निर्माल्य कलश धक्क्याच्या टोकाला नको, रस्त्याजवळ ठेवा, म्हणजे पिशवी पाण्यापर्यंत येणारच नाही.

नारळी पौर्णिमेला गावाची पूजा पाण्याची वेळ बघून होते. त्या दिवशी धक्का दिवसभर गावाकडे असावा, परवान्यासाठी तीन कार्यालये फिरायला लावू नका.

आमच्या मागण्या अशा. रात्रीच्या फाटकबंदीचा आदेश लेखी मागे घ्यावा आणि होड्यांची वाट चोवीस तास मोकळी असल्याचा फलक लावावा. हे काम एका दिवसाचे आहे. पाण्याकडे तोंड केलेले झोत फिरवावेत, टायर परत लावावेत, नळ आणि पहाटे उघडे असणारे स्वच्छतागृह द्यावे. हे येत्या पावसाळ्याआधी व्हावे. उतरणीची लांबी आणि खांबांवरचे बांधकाम याबद्दलचा बदल निविदा निघण्यापूर्वी आराखड्यात दिसावा, आणि तो आराखडा मराठीत, गावच्या चावडीवर किंवा मच्छीमार सोसायटीत लावावा. किनारा नियमन क्षेत्राची आणि कांदळवन कक्षाची परवानगी कोणत्या कामासाठी मिळाली, त्याची प्रत शेजारी लावावी. ठेकेदाराचा दोषदायित्व कालावधी (बांधकामातले दोष त्याने दुरुस्त करून द्यायची मुदत) संपल्यावर देखभाल कोण करणार, त्या अधिकाऱ्याचे पद लिहून द्यावे. काठावरच्या अशा प्रत्येक कामाच्या समितीत मच्छीमार सोसायटीचे दोन प्रतिनिधी असावेत आणि त्यांतली एक मासे विकणारी बाई असावी.

पाहणीला या, पण सकाळी 11 ला खाडी भरलेली असताना नको. पौर्णिमा किंवा अमावस्येनंतरच्या दुसऱ्या दिवशी, उधाणाची ओहोटी असते तेव्हा, सकाळी साडेसहाला या. उतरण कुठे संपते आणि पाणी कुठे सुरू होते, ते टेप लावून मोजता येईल. गमबूट आणा. टेप धरायला आमची माणसे असतील. फाटकाच्या आदेशासाठी मात्र पाहणीची वाट बघू नका, कारण उद्या पहाटेही होड्या जाणार आहेत.

आपले,
ठाणे खाडीच्या पूर्व काठावरचे मच्छीमार आणि मासे विकणाऱ्या महिला
नवी मुंबई